आरटीई पोर्टल: सोडत चोख, पत्त्याची तपासणी कच्ची

शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखीव आहेत. त्या जागांसाठी महाराष्ट्र शासन जे ऑनलाइन पोर्टल चालवतं, त्याचं हे परीक्षण आहे. आधार २०२५-२६ च्या प्रवेश प्रक्रियेचा. आमचं मत आधीच सांगतो. सोडतीत आता कुणाला हात घालता येत नाही, म्हणून सगळी हातचलाखी पत्त्यात शिरली आहे. आणि पत्ता तपासण्याची जी पद्धत आहे, तिच्यात लबाड माणूस सहज सुटतो, खरा भाडेकरू मात्र अडकतो.

चांगलं आधी. अर्जाला पैसे लागत नाहीत. संपूर्ण राज्याची सोडत एकदाच निघते, त्यामुळे पूर्वीसारखं शाळेच्या गेटवर कुणाची चिठ्ठी घेऊन उभं राहावं लागत नाही. निवड यादी आणि प्रतीक्षा यादी पोर्टलवर खुली असते. जागा एक लाख नऊ हजारांच्या आसपास आणि अर्ज तीन लाखांवर, असा २०२५-२६ चा हिशेब होता. इतक्या गर्दीत ‘साहेबांशी बोलून घेतो’ म्हणणाऱ्याला सोडतीपुरता तरी वाव उरलेला नाही, हे या सेवेचं मोठं यश आहे. सोडतीला आम्ही पाचपैकी साडेचार गुण देतो. पत्त्याच्या पडताळणीला दीड.

दीडच का, हे कळायला अंतराचं गणित समजून घ्यावं लागतं. २०२५-२६ च्या अर्जात कमाल दहा शाळा निवडता येत होत्या. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना पहिलं प्राधान्य होतं, त्यानंतर एक ते तीन किलोमीटर, मग त्यापुढचे. ज्या शाळेला फारशी मागणी नाही तिथे याने काही बिघडत नाही. पण नावाजलेल्या इंग्रजी शाळेत पंचवीस जागा असतील, तर त्या एक किलोमीटरच्या आतल्या अर्जांमध्येच संपतात. दीड किलोमीटरवरच्या घरातल्या मुलाची चिठ्ठी डब्यातून बाहेर येण्याची वेळच येत नाही. पाचशे मीटरचा फरक आणि आठवीपर्यंतची सगळी वर्षं बिनफीची, असा हा सौदा आहे. खोटा भाडेकरार जन्माला येतो तो इथे.

अंतराला किती वजन आहे ते शासनानेही एकदा उलट्या बाजूने दाखवलं. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी तिला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला ती रद्दच केली.

आता नकाशा. अर्जात घराचा पत्ता लिहून झाला की गुगलच्या नकाशावर लाल फुगा आपल्या घरावर आणून ठेवायचा असतो. शाळांची यादी लेखी पत्त्यावरून बनत नाही, या फुग्यावरून बनते. प्रामाणिक पालकांचे सगळ्यात जास्त अर्ज इथेच चुकतात. पिनकोड टाकला की फुगा त्या भागाच्या मध्यावर कुठेतरी जाऊन बसतो, आणि सायबर कॅफेवाला घाईत तो तसाच ठेवून ‘पुढे’ दाबतो. सोडत लागते, पडताळणीत कागदावरचं घर आणि नकाशावरचं घर जुळत नाही, आणि काहीही लबाडी न करता प्रवेश जातो. म्हणून फुगा हलवताना नकाशा इमारतीचं छप्पर दिसेपर्यंत मोठा करा. शेजारची ओळखीची खूण, देऊळ, दवाखाना, रिक्षा स्टँड, जुळते का पाहा. मगच शाळांची यादी उघडा. अर्ज भरून झाल्यावर चूक लक्षात आली तर मुदत संपण्याआधी तो अर्ज काढून टाकून नवीन भरा. जुना तसाच ठेवून दुसरा भरू नका, एकाच मुलाचे दोन अर्ज सापडले की दोन्ही बाद होतात.

पत्त्याच्या पुराव्यात रेशनकार्ड, आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक यांपैकी काहीतरी चालत होतं (२०२५-२६ ची यादी). यांतलं काही नसेल तर भाडेकरार. नियम असा की करार दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हवा, अर्ज भरण्याच्या तारखेपूर्वीचा हवा आणि किमान अकरा महिन्यांचा हवा. नोटरी केलेला करार चालत नाही. शंभर-दोनशे रुपयांत नोटरीचा शिक्का मारून देणारा टेबलवाला ‘सगळीकडे चालतं’ म्हणेल, त्याचं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकराराची नोंदणी तशीही सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. हे मालकाला शांतपणे सांगता येतं.

खर्चाचा बाऊ केला जातो तेवढा तो नाही. समजा भाडं महिना १२,००० आणि अनामत ५०,००० रुपये आहे. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,००० होतं. अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं अकरा महिन्यांचं व्याज साधारण ४,६०० रुपये. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे तीनशे चाळीस ते चारशे रुपये. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००, शिवाय ऑनलाइन दस्त हाताळणीचे ३००. शहरात एकूण सतराशेच्या आत-बाहेर. वर घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाची मजुरी, ती आधी ठरवून घ्या.

गोची तारखांत होते. करार मार्चमध्ये केला, तो जानेवारी-फेब्रुवारीत संपला, नवा केला अर्ज सुरू झाल्यावर: असा अर्जदार त्याच घरात पाच वर्षं राहत असला तरी अडचणीत येतो. त्यामुळे मूल पाच वर्षांचं झालं की कराराचा मुहूर्त बदलून घ्या. दिवाळीच्या आसपास नोंदवलेला अकरा महिन्यांचा करार अर्ज भरणं, सोडत आणि पडताळणी या तिन्ही टप्प्यांवर चालू स्थितीत राहतो. जुना करारही जपून ठेवा. सलग दोन करार एकाच पत्त्याचे असले की शंकेला जागा उरत नाही. करार आई किंवा वडिलांच्या नावावर असावा. काका, मामा, आजोबा यांच्या नावावरचा कागद पुढे केला की फेऱ्या सुरू.

पडताळणी सोडतीनंतर होते. तालुक्यात किंवा महापालिकेच्या विभागात समिती असते, तिथे निवडपत्र आणि मूळ कागद घेऊन जायचं. इथे या सेवेचं खरं दुखणं आहे. समितीपुढे थोड्या दिवसांत शेकडो फाइली येतात, आणि पाहिला जातो तो कागद, घर नव्हे. नोंदणीकृत करार हा कागद म्हणून खराच असतो. दुय्यम निबंधक दोन पक्षांच्या सह्या-अंगठे नोंदवतो. भाडेकरू तिथे झोपतो का, हे पाहणं त्याचं काम नाही. ओळखीच्या माणसाच्या फ्लॅटचा करार करून, सतराशे रुपये भरून, कधीही न राहिलेल्या घराचा पुरावा तयार होतो आणि तो समितीपुढे बिनचूक दिसतो. याउलट वस्तीत खोली घेऊन राहणाऱ्या बाईचा मालक करारच करून देत नाही, वीजबिल मालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. तिचे कागद विस्कळीत, कारण तिचं जगणंच तसं आहे. कायद्याने ज्यांच्यासाठी या जागा ठेवल्या, तेच समितीसमोर संशयित होऊन बसतात, हे आम्हाला अजिबात मान्य नाही.

बनावट कागदांचे प्रकार काल्पनिक नाहीत. नागपुरात २०२४ मध्ये बनावट कागदपत्रांवर आरटीई प्रवेश घेतल्याप्रकरणी पालकांवर गुन्हे दाखल झाले. गॅसच्या पुस्तकाचा गैरवापर होऊ लागल्यावर तो पुरावा यादीतून वगळला गेला. पण एक कागद काढून टाकला की लबाडी पुढच्या कागदावर जाते, एवढंच.

मग संशय कधी धरावा? आधारवर वेगळा पत्ता आहे एवढ्यावर नाही. मूल रिक्षातून येतं, आई कामाला लांब जाते, वडील परगावी असतात, यावरही नाही. शहरातलं कष्टकरी कुटुंब असंच राहतं. तपासण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. अर्जाची तारीख जाहीर होण्याच्या तोंडावर नोंदवलेला करार, तोही मागणीच्या शाळेच्या भिंतीला लागून. भाड्याचा आकडा त्या भागातल्या दराच्या निम्माही नाही. घराच्या वीजबिलात महिनोन्महिने वापर शून्य युनिटच्या जवळ. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे एकाच सदनिकेवर एकाच काळातले दोन-तीन वेगवेगळे भाडेकरार. हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. करारावरचा दस्त क्रमांक, वर्ष आणि निबंधक कार्यालय घेऊन नोंदणी विभागाच्या ई-सर्च या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे त्या दस्ताच्या नोंदणीचा गोषवारा, पाहता येते. समितीतल्या एका कारकुनाने संशयित फाइलींपुरतं एवढं केलं, तरी बराच कचरा गळून पडेल.

पोर्टलला आमची ठोस सूचना हीच आहे: अर्जातच दस्त क्रमांक आणि वीजग्राहक क्रमांक भरून घ्या. एकच दस्त किंवा एकच मीटर अनेक अर्जांत आला की संगणकाने खूण करावी, आणि त्या घरांनाच प्रत्यक्ष भेट द्यावी. सगळ्यांच्या घरी जाणं शक्य नाही. गरजही नाही. ज्यांच्याकडे करार नाही, त्यांच्यासाठी मात्र भेट हाच पुरावा मानावा: अंगणवाडीतलं नाव, लसीकरणाचं कार्ड, शेजाऱ्यांचा जबाब. मूल पाच वर्षं त्या वस्तीत वाढलं असेल तर त्याच्या खुणा असतातच.

शाळांबद्दलही बोलायला हवं. शासनाकडून एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती (फीची भरपाई) ठरलेली आहे आणि ती थकत राहते, ही शाळांची तक्रार खरी आहे. पण त्या रागातून पत्त्याचं निमित्त करून मुलाला दारातून परत पाठवणं चूक आहे. कागद ग्राह्य की अग्राह्य, हे ठरवणं समितीचं काम आहे. शाळेला शंका असेल तर तिने समितीकडे लेखी कळवावं. इतर पालकांनीही तेच करावं. अर्ज क्रमांक, पत्ता आणि शंकेचं नेमकं कारण लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावं आणि पोच घ्यावी. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर सहा वर्षांच्या मुलाचं नाव टाकून ‘यांचं घर इथे नाहीच’ असं लिहिणं हा अन्याय आहे, मग शंका खरी निघो वा खोटी.

खोटा पत्ता देण्याचा मोह होत असलेल्या पालकांना इतकंच सांगतो की प्रवेश मिळाला म्हणजे विषय संपला असं होत नाही. नंतरच्या तपासणीत त्या जागी राहत नसल्याचं निघालं तर प्रवेश रद्द होतो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो. मूल तोवर पहिलीत रुळलेलं असतं, त्याला मित्र झालेले असतात. दुसरी खासगी शाळा शोधायची तर प्रवेश बहुतेक ठिकाणी बंद.

ज्यांचा पत्ता खरा आहे आणि तरी समितीने नाकारलं, त्यांनी तोंडी उत्तरावर घरी परतू नये. नाकारल्याचं कारण लेखी मागा. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे (प्राथमिक) त्याच आठवड्यात अर्ज द्या, सोबत जुना करार, बँकेतून भाडं दिल्याच्या नोंदी, लसीकरण कार्ड आणि सोसायटीचं किंवा नगरसेवकाचं पत्र जोडा. प्रतीक्षा यादी सरकू लागली की जागा वेगाने भरतात. एसएमएसची वाट पाहू नका, अर्ज क्रमांक टाकून पोर्टल दर एक-दोन दिवसांनी स्वतः उघडून पाहा.