एडब्ल्यूएसच्या आरआयची आकार-लवचीकता: मशिनं मोजू नका, युनिटं मोजा

एडब्ल्यूएस ही अॅमेझॉनची क्लाउड सेवा आणि ईसी२ म्हणजे तिथे भाड्याने मिळणारी सर्व्हर मशिनं. ईसी२ची रिझर्व्ड इन्स्टन्स, म्हणजे आरआय (ठरावीक मुदतीची बांधिलकी देऊन मिळणारी दरातली सवलत), पूर्वी ज्या आकाराची घेतली त्याच आकाराच्या मशिनला लागू पडायची. एम४.एक्सलार्जची आरआय घेतली आणि लोड वाढला म्हणून मशिन २एक्सलार्ज केलं, तर आरआय स्वतः मॉडिफाय करेपर्यंत ती रिकामी पडून राहायची आणि नव्या मशिनचं बिल पूर्ण ऑन-डिमांड, म्हणजे बिनसवलतीच्या, दराने यायचं. मार्च २०१७मध्ये एडब्ल्यूएसने हे बदललं. आता रिजनल, म्हणजे मुंबईसारख्या अख्ख्या रिजनला लागणाऱ्या, आरआयची सवलत त्याच फॅमिलीतल्या (एम५सारख्या एकाच मालिकेतल्या) कुठल्याही आकाराच्या मशिनला आपोआप लागते. एक किंवा तीन वर्षांसाठी पैसे बांधून ठेवणाऱ्यांसाठी ही फार मोलाची सोय आहे. पण तिच्या अटी वाचल्याशिवाय खरेदी केली, तर सवलत हातातून निसटते.

हिशोब नॉर्मलायझेशन फॅक्टरवर, म्हणजे प्रत्येक आकाराला ठरवून दिलेल्या युनिटांवर, चालतो. स्मॉल म्हणजे १ युनिट, मीडियम २, लार्ज ४, एक्सलार्ज ८, २एक्सलार्ज १६, ४एक्सलार्ज ३२. खालच्या बाजूला मायक्रो ०.५ आणि नॅनो ०.२५. एम५.लार्जची एक आरआय असेल आणि चालू मशिन एकच एम५.एक्सलार्ज असेल, तर ८पैकी ४ युनिटं आरआयमधून जातात आणि उरलेल्या अर्ध्या वापराला ऑन-डिमांड दर लागतो. उलट एम५.एक्सलार्जच्या एका आरआयमध्ये दोन एम५.लार्ज पूर्ण बसतात.

सवलत लागण्याचा क्रम लहान आकाराकडून मोठ्याकडे जातो. समजा ४एक्सलार्जची एक आरआय आहे, ३२ युनिटांची. तिच्यासोबत एक ४एक्सलार्ज आणि चार लार्ज चालू आहेत. आधी चार लार्ज १६ युनिटं घेतात, मग उरलेली १६ ४एक्सलार्जला मिळतात. डेटाबेससाठी म्हणून घेतलेली आरआय वेब सर्व्हरांनी खाल्ली, असं बिलात दिसतं आणि टीमांमध्ये वाद सुरू होतात. लिनक्समध्ये फॅमिलीतल्या मशिनांचे दर आकाराच्या प्रमाणातच असल्याने एकूण रक्कम तेवढीच राहते, बदलते ती फक्त वाटणी. ऑर्गनायझेशनमध्ये अनेक खाती असतील तर आरआय आधी ज्या खात्याने घेतली तिथे लागते, उरलेली इतरांकडे जाते. हे नको असेल तर मॅनेजमेंट खात्यातून त्या खात्याचं शेअरिंग बंद करता येतं.

आता अटी. आरआय रिजनल हवी; झोनल, म्हणजे रिजनमधल्या एकाच झोनशी (डेटा सेंटरांच्या गटाशी) बांधलेली, चालत नाही. टेनन्सी डीफॉल्ट (इतर ग्राहकांसोबत वाटलेलं हार्डवेअर) हवी, डेडिकेटेड (फक्त तुमच्यासाठीचं) नाही. प्लॅटफॉर्म लिनक्स/युनिक्स हवा. अॅमेझॉन लिनक्स आणि साधं उबुंटू त्यात येतात. विंडोज, रेड हॅट आणि सुसे येत नाहीत. जी४डीएन, जी५, आयएनएफ१ अशा काही फॅमिल्याही वगळलेल्या आहेत. फॅमिली म्हणजे नेमकी तीच: एम५ची आरआय एम५डी, एम५ए किंवा एम६आयला लागत नाही. मुंबई रिजनमधली आरआय हैदराबादला चालत नाही. सर्वांत जास्त नुकसान फॅमिलीच्या अटीत होतं. कारण आकार बदलण्यापेक्षा नव्या पिढीवर जाण्याचा मोह मोठा असतो, आणि एम५वरून ग्रॅव्हिटॉन या एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या प्रोसेसरवरच्या एम६जीवर गेलात की जुन्या स्टँडर्ड, म्हणजे दुसऱ्या फॅमिलीत बदलून न मिळणाऱ्या, आरआयचा त्या मशिनांना काहीच उपयोग उरत नाही.

भारतातल्या ग्राहकांनी ही सोय जास्त गंभीरपणे घ्यावी, याचं कारण ठोस आहे. नको असलेली स्टँडर्ड आरआय मार्केटप्लेसवर दुसऱ्या ग्राहकाला विकण्याचा मार्ग एडब्ल्यूएसच्या भारतीय कंपनीच्या ग्राहकांना बंद आहे, अमेरिकेत बँक खातं असलं तरी. त्यामुळे चुकीच्या आकाराची आरआय गळ्यात पडली, तर आकार-लवचीकता हाच मुख्य आधार उरतो. जुन्या झोनल आरआय पडून असतील तर कन्सोलमध्ये मॉडिफाय करून स्कोप रिजन करा. त्याला पैसे लागत नाहीत. मात्र झोनल आरआयसोबत मिळणारं कपॅसिटी राखून ठेवण्याचं (हवं तेव्हा मशिन मिळण्याचं) वचन जातं. ते हवं असेल तर ऑन-डिमांड कपॅसिटी रिझर्व्हेशन वेगळं घ्या, रिजनल आरआयची सवलत त्यालाही लागते.

किती घ्यायची हे ठरवताना मशिनांची यादी बाजूला ठेवा. कॉस्ट अँड युसेज रिपोर्ट या तपशीलवार बिल-अहवालातला नॉर्मलाइज्ड युसेज अमाउंटचा रकाना फॅमिली आणि रिजनप्रमाणे तासातासाला जोडा आणि महिन्याभरात सहसा ज्याच्या खाली आकडा जात नाही तेवढीच युनिटं घ्या. सरासरी धरू नका. एका तासात न वापरलेली युनिटं पुढच्या तासाला मिळत नाहीत, आणि रात्री ऑटो स्केलिंगने (लोडप्रमाणे मशिनं आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) मशिनं उतरली की सरासरीवर घेतलेली आरआय वाया जाते. नंतर कॉस्ट एक्सप्लोरर या खर्च पाहण्याच्या टूलमध्ये युटिलायझेशन (घेतलेल्या आरआयपैकी किती वापरली) आणि कव्हरेज (एकूण वापरापैकी किती आरआयत बसला) दोन्ही पाहा. युटिलायझेशन १०० टक्के दिसलं तरी निम्मा वापर ऑन-डिमांडवर असू शकतो.

आरडीएस या एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सेवेत हाच हिशोब मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेएसक्यूएल, ऑरोरा आणि स्वतःचं लायसन्स आणलेल्या ओरॅकलला लागतो. एसक्यूएल सर्व्हरला लागत नाही. मल्टी-एझेडची (दुसऱ्या झोनमध्ये राखीव प्रत, म्हणजे स्टँडबाय, असलेल्या डेटाबेसची) युनिटं दुप्पट धरायची असतात. लार्ज सिंगल-एझेड ४, मल्टी-एझेड ८. हे विसरल्यामुळे स्टँडबाय असलेल्या डेटाबेसचं अर्धं बिल ऑन-डिमांडने येत राहतं.

विंडोजची मशिनं जास्त असतील तर आकार-लवचीकतेसाठी आरआय घेऊ नका. ईसी२ इन्स्टन्स सेव्हिंग्ज प्लॅन (तासाला ठरावीक रक्कम खर्चण्याची बांधिलकी) एका रिजनमधल्या एका फॅमिलीत आकार, ओएस आणि टेनन्सी काहीही असो, लागतो, आणि कमाल सवलत आरआयइतकीच, ७२ टक्क्यांपर्यंत आहे. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर क्लाउडचं रिझर्व्हेशन इथे उजवं ठरतं: ते फक्त कॉम्प्युटचे पैसे भागवतं, विंडोजचं लायसन्स वेगळं मोजतं, म्हणून विंडोज मशिनांनाही आकार बदलता येतो.

खरेदीच्या पानावर कपॅसिटी राखणाऱ्या ऑफरच दाखवण्याचा पर्याय बंद ठेवा. तो चालू असेल तर झोनल आरआय गळ्यात पडते. आरआय मुदत संपल्यावर आपोआप नूतनीकृत होत नाही. रिजनल आरआयची पुढची खरेदी आधीच रांगेत लावता येते, झोनलची नाही. मुदत संपण्याच्या वेळेचीच तारीख-वेळ तिथे भरून ठेवा.