नमपायच्या दोन आवृत्त्यांचा वेग मोजताना : टाइमइट, पायपर्फ की एएसव्ही?

पायथनमध्ये संख्यांच्या अ‍ॅरेवर, म्हणजे एकाच प्रकारच्या संख्यांच्या मांडणीवर, गणित करणाऱ्या नमपाय या लायब्ररीची २.० आवृत्ती जून २०२४ मध्ये आली, तरीही जुन्या १.२६ वर चालणारा प्रकल्प पुढे न्यायचा का, हे ठरवताना वेगाचा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर कोणत्या साधनाने मोजले यावर बरेचसे अवलंबून असते.

टाइमइट पायथनसोबतच मिळते आणि एखाद्या ओळीचा अंदाज घ्यायला पुरते. मात्र सगळे मोजमाप एकाच प्रोसेसमध्ये होत असल्याने, त्या प्रोसेसला योगायोगाने लाभलेली मेमरीची मांडणी प्रत्येक आकड्यात उतरते. पायपर्फ तीच चाचणी मुळातच वीस वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवते, सरासरीसोबत प्रमाण विचलन देते आणि दोन निकालांतला फरक दखल घेण्याजोगा नसेल तर तसे स्पष्ट सांगते. एएसव्हीचा पसारा मोठा आहे : गिटमधील प्रत्येक कमिट (कोडमधील नोंदवलेला बदल) स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पॅकेजांच्या वेगळ्या संचात, बसवून ते वेळ आणि मेमरी यांचा इतिहास जपते, आणि वेग नेमका कोणत्या बदलाने घसरला ते शोधू शकते. नमपायचे विकासक तेच वापरतात. स्वतःची लायब्ररी सांभाळणाऱ्याने एएसव्ही घ्यावे. केवळ वापरकर्त्याला दोन एन्व्हायर्नमेंट आणि पायपर्फ पुरेसे आहे, एएसव्ही म्हणजे त्याच्यासाठी मुंगीवर तोफ.

पण साधन कोणतेही असो, दोन्हीकडे तेच गणित होते आहे का, हे आधी पाहावे लागते, आणि बहुतेक चुका इथेच होतात. विंडोजवर पूर्णांकाचा मूळ प्रकार १.२६ मध्ये ३२ बिटांचा होता, २.० मध्ये तो ६४ बिटांचा झाला. प्रकार न सांगता तयार केलेला अ‍ॅरे त्यामुळे दुप्पट जागा घेतो, आणि मंदावलेपणाचा दोष विनाकारण नव्या कोडवर येतो. तसेच फ्लोट३२ (३२ बिटांच्या दशांश संख्यांच्या) अ‍ॅरेला नमपायच्या एकट्या फ्लोट६४ संख्येने गुणल्यास पूर्वी उत्तर फ्लोट३२ राहत असे, आता ते फ्लोट६४ होते. मॅट्रिक्सच्या गुणाकारात तर बहुतांश वेळ खालच्या ब्लास लायब्ररीत, म्हणजे मॅट्रिक्सची मूळ आकडेमोड करणाऱ्या कोडमध्ये, जातो, आणि ही लायब्ररी नमपाय कुठून बसवले यावर बदलते : पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने आणलेल्या नमपायमध्ये सहसा ओपनब्लास असते, कोंडा या दुसऱ्या साधनाकडून एमकेएल येऊ शकते, आणि मॅकओएस १४ पासून २.० ला अ‍ॅपलचे अ‍ॅक्सेलरेट मिळू शकते. म्हणून दोन्हीकडे डीटाइप (संख्येचा प्रकार) स्पष्ट लिहावा, नमपायच्या शो_कॉन्फिग फंक्शनने ब्लास तपासावे आणि थ्रेडची संख्या सारखी ठेवावी. त्यानंतरही फरक उरला, तरच तो आवृत्तीच्या नावावर मांडावा.