घराण्याचं वार्षिक जेवण: गणपतीत ठेवावं, शिमग्यात की मे महिन्यात?

निम्मं घर मुंबई-पुण्यात, निम्मं गावाला, आणि वर्षातून एकदा तरी सगळ्या चुलत-आतेभावंडांनी एका पंगतीला बसावं अशी इच्छा. कोकणातल्या पुष्कळ घरांत हल्ली ही बोलणी सुरू आहेत आणि ती बहुधा तारखेवर येऊन अडतात. तारीख ठरवताना मी एकच गोष्ट आधी पाहते: त्या दिवशी पानावर कोण बसू शकणार नाही?

गणपतीची बाजू भक्कम आहे. चाकरमानी कुठेही असो, चतुर्थीला घरी येतो. त्याला निरोप धाडावा लागत नाही. भावकीत गणपती एकच असेल आणि पूजेची पाळी फिरती असेल, तर यजमान कोण हा प्रश्नही उरत नाही. जेवणाबद्दल तर बोलायलाच नको: उकडीचे मोदक, काळ्या वाटाण्याची उसळ, अळूचं फदफदं, आणि ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी. मोदक वळायला चार-पाच जणी गोल करून बसतात, तेव्हा हातही चालतात आणि मनातलंही बोलून होतं. पुष्कळ घरांत वर्षाची खरी भेट तिथेच होते.

तरीही त्या पंगतीत लेकी नसतात. त्यांच्या सासरीही गणपती असतो. गौरीला आपण माहेरवाशीण म्हणून घरात घेतो आणि नेमक्या त्याच दिवशी घरच्या लेकी आपापल्या सासरी गौर सजवत असतात. आत्याच नाही, तर आतेभावंडं कुठून येणार? सुना घरात असतात, पण बसत नाहीत. नैवेद्य, आरत्या, दर्शनाला येणारी वाडी, रात्री भजनाला आलेल्यांची उसळ आणि चहा. पुरुषांचं होतं, मुलांचं होतं, पाहुण्यांचं होतं, मग दुपार कलल्यावर त्या स्वयंपाकघरातच जेवून घेतात. ज्या जेवणाला घरच्या निम्म्या बायका अशा बाहेर राहतात, त्याला मी सण म्हणेन. सगळ्या कुटुंबाचं जेवण ते नव्हे.

तारखेचंही बघा. गणपती 2020 साली 22 ऑगस्टला आले आणि 2023 साली 19 सप्टेंबरला. गौरीचं आवाहन, पूजन आणि विसर्जन अनुराधा, ज्येष्ठा आणि मूळ या नक्षत्रांवर ठरतं, त्यामुळे तो दिवसही चतुर्थीपासून दरवर्षी सारख्या अंतरावर नसतो. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. ज्यांची तिकिटं हुकतात, ते महामार्गावर रात्र काढून अर्धमेले होऊन पोचतात.

शिमग्याला हवा उत्तम, अंगणात बसता येतं, पुरणपोळी असते. रत्नागिरीकडे तर ग्रामदेवतेची पालखी दारात येते, तो क्षण सगळ्यांनी मिळून अनुभवावा असाच असतो. पण पालखी आपल्या घरी कधी येणार हे गाव ठरवतं, आणि ते दिवस परीक्षांचे. दहावी-बारावीचं मूल असलेलं प्रत्येक घर गळतं. दिवाळीत भात कापणी-झोडणीला आलेलं असतं आणि भाऊबीजेमुळे लेकी-सुना दोन घरांत वाटल्या जातात. या दोन्हींवर मी फार वेळ घालवणार नाही.

उरतो मे महिना. शाळांना सुट्टी, देवकार्य नाही, त्यामुळे लेकी, जावई, नातवंडं सगळी मोकळी. सामिष चालतं. हापूस असतो, फणस असतो, कोकमं असतात. अडचणी मात्र खऱ्या आहेत. शहरातल्या माणसाची ही सुट्टी, पण गावच्या भावाची ऐन धांदल: आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, पावसाआधी लाकडं आणि घरावरची कौलं बघायची. म्हणून जेवण रात्रीचं ठेवावं, दुपारचं नको. उकाडाही तेव्हा सुसह्य होतो. विहिरी तळाला गेलेल्या असतात, तेव्हा चाळीस ताटं घासण्यापेक्षा केळीची पानं मांडावीत. लग्नसराई असते, म्हणून तारीख दिवाळीतच सांगून ठेवावी. महिनाअखेर टाळावी. 2025 साली 25 मेलाच मोसमी पाऊस तळकोकणात पोचला होता, मांडव घातलेला असता तर वाहूनच गेला असता. मे महिन्याचा दुसरा शनिवार मला सगळ्यात सोयीचा वाटतो.

बेत काय करायचा यावरही कोण बसणार हे ठरतं. कोंबडी-वडे म्हटलं की सगळे खूश होतात, पण वडा गरमच हवा. चाळीस माणसं आणि माणशी चार धरले तरी 160 वडे. म्हणजे पंगत उठेपर्यंत दोघीजणी कढईपाशी. आंबोळ्या-घावनांचंही तेच. त्यापेक्षा टोपात होणारं जेवण घ्या: भात, कोंबडीचा रस्सा, कैरी घालून सोड्यांचं कालवण, शाकाहाऱ्यांसाठी फणसाची भाजी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, शेवटी सोलकढी आणि आंबे. हे सगळं पंगत बसायच्या आधी तयार होतं. तांदूळ माणशी शंभर ग्रॅमचा हिशोब कोकणात पुरत नाही. चाळीस जणांना सहा किलो घ्या. ताज्या मासळीच्या भरवशावर बेत आखू नका. सुट्टीत पर्यटकांमुळे सुरमई-पापलेटचे भाव चढलेले असतात. बाजारात चांगलं काही मिळालं, तर तळून वर वाढा.

वडे हवेतच असतील, तर ते बाहेरून करून घ्या. ऑर्डरीचं जेवण करून देणाऱ्या बायका किंवा बचत गट आता बहुतेक गावांत आहेत. काही वडीलधाऱ्यांना हे पटत नाही, घरच्या हाताची चव नाही म्हणतात. मला तो भावही समजतो, पण काकूच्या हाताची चव हवी असेल, तर काकूने तिखलं किंवा सोलकढी एवढंच करावं आणि मग आपल्या दिरांशेजारी पानावर बसावं. वाढायचं काम पुतण्यांनी आणि जावयांनी करावं. वर्गणी डोक्यावर न काढता कमावत्या माणसांवर काढावी, नाहीतर चार मुलांचं घर पुढच्या वर्षी येणार नाही.

एका परिस्थितीत मात्र मी गणपतीच सुचवेन. आजी-आजोबा थकलेले असतील आणि शहरातली मंडळी खरोखरच वर्षातून एकदाच येऊ शकत असतील, तर मे महिन्याची वाट पाहू नये. घरचा गणपती दीड दिवसाचा असेल, तर विसर्जन ऋषिपंचमीला होतं. गौरी बसत नसतील, तर दुसऱ्या दिवशी घर मोकळं असतं, आणि ज्या लेकींच्या सासरीही दीड दिवसाचा असतो त्या येऊ शकतात. परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा आणि त्या रात्री जेवण ठेवा.