पंचवीस हजारांत हलका लॅपटॉप: नवा सेलेरॉन, क्रोमबुक की सेकंड-हँड लॅटिट्यूड?

रोज लोकलने जा-ये असेल तर १५.६ इंची लॅपटॉपचा विचार आधीच सोडा. तो दीड किलोच्या वर, शिवाय चार्जर, डबा, बाटली. पंचवीस हजारांच्या आसपास खरोखर हलकं काही हवं असेल तर तीनच वाटा उरतात: इंटेलची स्वस्तातली सेलेरॉन चिप असलेला नवा लॅपटॉप, गूगलच्या क्रोमओएसवर चालणारं क्रोमबुक, किंवा सेकंड-हँड.

नव्या सेलेरॉनवाल्याकडे वॉरंटी आणि पक्कं बिल असतं. ते सोडलं तर त्याच्या बाजूने मला फारसं बोलता येत नाही. एन४०२० चिपमध्ये दोनच कोअर (म्हणजे काम करणारे दोनच मेंदू), ४ जीबी रॅम बहुधा बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे वाढवता न येणारी, आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त, मंद) स्टोरेज. विंडोज ११ ची किमान अटही नेमकी ४ आणि ६४ जीबीच आहे. म्हणजे मशीन नवंकोरं असतानाच काठावर पास! मोठा अपडेट आला की फोटो पेनड्राइव्हवर हलवत बसायचं.

तेवढ्याच ४ जीबीत क्रोमबुक बरं चालतं, कारण क्रोमओएस हलकी आहे. मराठी टायपिंगही होतं. पण टॅली चालत नाही, ऑटोकॅडचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर चालत नाही, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावायची सोय नाही. सीएकडे आर्टिकलशिप करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये.

माझं मत तिसऱ्या वाटेला: कंपन्यांनी वापरून काढलेले डेल लॅटिट्यूड ७३९० किंवा लेनोवो थिंकपॅड एक्स२८०. दोन्ही सव्वा किलोच्या आत, टाइप-सीवर चार्ज होणारे, कीबोर्ड उत्तम. मात्र इंटेलच्या चिपची आठवी पिढीच घ्या. सातव्या पिढीच्या आय५-७३००यू मध्ये दोन कोअर होते, आय५-८३५०यू मध्ये चार झाले. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच चालते. दुकानदार ‘सातवीवर पण टाकून देतो’ म्हणेल. टाकेलही, पण पुढचे अपडेट रामभरोसे.

या दोघांत मी लॅटिट्यूड उचलेन. त्यात रॅमचा स्लॉट आहे, पुढे १६ जीबी करता येते. एक्स२८० ची रॅम सोल्डर केलेली, त्यामुळे ८ जीबीच्या खाली घेऊच नका. एक्स२८० च्या काही मशीनवर १३६६×७६८ चा (कमी रिझोल्यूशनचा) फिका टीएन पॅनेल, म्हणजे स्वस्तातला स्क्रीनही येतो. मान जरा तिरकी केली की रंग उडतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, खरी गोम बॅटरीत असते. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट समोर काढायला लावा आणि डिझाइन कपॅसिटीशी (बॅटरी नवी असतानाची क्षमता) फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली) ताडून बघा. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे सौद्यातच कापून घ्या. बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, तेही बघा. ‘नंतर काढून देऊ’ ऐकू नका.

शाळकरी मुलांना फक्त ऑनलाइन तास आणि गृहपाठासाठी हवा असेल, तर मात्र मी क्रोमबुकच सुचवेन: व्हायरसची कटकट कमी. २०२१ पासूनच्या मॉडेलना गूगल दहा वर्षं अपडेट देतं, पण ती वर्षं तुमच्या खरेदीपासून नव्हे, तो प्लॅटफॉर्म (मॉडेलच्या आतलं मूळ हार्डवेअर) बाजारात आल्यापासून मोजतात. तेव्हा सेलमधलं जुनं मॉडेल घेताना अपडेटची शेवटची तारीख आधी बघा.