दालमिल-जिनिंगच्या लिनक्स सर्व्हरसाठी काय लावावं: एचटॉप, सार की एटॉप?

सर्व्हर जळगावच्या दालमिलमध्ये किंवा धरणगावच्या जिनिंगमध्ये, आणि तो सांभाळणारा धुळ्यात. "दुपारी बिलं निघतच नव्हती" असा फोन संध्याकाळी येतो. तोवर मशीन ताळ्यावर आलेलं असतं. म्हणून मशीनवरचा ताण दाखवणारं साधन (एचटॉप htop, सार sar, एटॉप atop ही तशीच) निवडताना आधी एकच बघा: मागचं दाखवतं का?

टॉप (top) आणि एचटॉप फक्त आत्ताचं दाखवतात. टॉप बहुतेक मशीनवर आधीपासून असतो. शिफ्ट धरून पी दाबलं की सीपीयूप्रमाणे आणि एम दाबलं की मेमरीप्रमाणे क्रम लागतो. एचटॉप बऱ्याचदा वेगळा टाकावा लागतो, पण एफ5 दाबल्यावर कोणत्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) कोणती सुरू केली ते झाडासारखं दिसतं. नवख्याच्या हाती एचटॉपच द्या.

दोन्हींत वर दिसणाऱ्या लोडच्या (load average, सरासरी किती प्रोसेस चालू किंवा रांगेत आहेत त्या) आकड्याने मात्र भलेभले फसतात. लिनक्स त्या आकड्यात डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही धरतं. त्यामुळे चार कोअरच्या (एका वेळी चार कामं करणाऱ्या प्रोसेसरच्या) मशीनवर लोड 12 आणि सीपीयू 80 टक्के रिकामा, असं खुशाल होऊ शकतं. अशा वेळी नवा प्रोसेसर घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी व्हीएमस्टॅट 5 (vmstat 5, दर 5 सेकंदांनी ताणाची एक ओळ दाखवणारी कमांड) चालवा. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत 'आर' (r, सीपीयूवर चालू किंवा त्याच्या रांगेतल्या प्रोसेस) कोअरच्या संख्येपेक्षा सतत जास्त असेल तर सीपीयू अपुरा. 'बी' (b, अडकलेल्या प्रोसेस) आणि 'डब्ल्यूए' (wa, डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) चढलेले असतील तर संशय डिस्कवर. 'एसआय', 'एसओ' (si, so, रॅम कमी पडल्याने डिस्कशी होणारी देवाणघेवाण) शून्यावर येतच नसतील तर रॅम वाढवा.

मागचं बघायला सार किंवा एटॉप. सार सिसस्टॅट (sysstat) पॅकेजमध्ये येतो आणि साधारण दर 10 मिनिटांनी नोंद ठेवतो. डेबियन, उबुंटूवर पॅकेज टाकूनही नोंद बंद राहू शकते. सेटिंग फाइलमध्ये ती चालू केली आहे ना, ते तपासाच. सारच्या नोंदी हलक्या असतात. लाईट जाऊन मशीन परत सुरू झालं तर मध्ये रीस्टार्टची ओळ येते, म्हणजे मशीन मध्येच बंद पडून परत सुरू झालं होतं हे लगेच कळतं. उणीव मोठी आहे: सीपीयू खाल्ला हे सार सांगतो, कोणी खाल्ला हे त्याच्या रोजच्या नोंदीत नसतं.

एटॉप ते सांगतो. जुनी फाइल आर पर्यायाने (atop -r) उघडा, बी दाबून वेळ द्या, टी दाबत पुढे जा. त्या वेळच्या प्रोसेस नावानिशी दिसतात. दुरून सांभाळायचा एकच सर्व्हर असेल तर एटॉप घ्या, सोबत व्हीएमस्टॅट. मशीन बरीच आणि डिस्क लहान असेल तर सार बरा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास गेला की बंद खोलीतला प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. सारच्या नेहमीच्या नोंदीत तापमान नसतं, त्यासाठी सेन्सर्स (sensors) ही कमांड वेगळी लावावी लागते.

एटॉपही मुळात 600 सेकंदांनीच नोंदतो. हंगामात ते 60 केलंत तर फाइली कित्येक पट फुगतील. सोबत जुन्या फाइली ठेवायचे दिवस कमी करा आणि डीएफने (df, डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी कमांड) डिस्क बघत राहा.