पावसाळा आणि दिवाळी काढल्यानंतर: फायबर ब्रॉडबँड आणि सोबत मिळालेला राऊटर

स्पीडबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे आणि वायर लावून तपासलं की ९० च्या पुढेच आकडा येतो. दुखणं वेगळंच होतं. नेट मध्येच जायचं, मिनिट-दोन मिनिटांत आपोआप यायचं, आणि ऑपरेटरचा माणूस दारात पोचेपर्यंत राऊटरच्या डब्यावरचे सगळे दिवे हिरवेगार. आज कनेक्शन नीट चालतंय. पण ते जसं बसवून गेले तसंच ठेवलं असतं तर चाललं नसतं, म्हणून हे सविस्तर.

घर सांगलीच्या गावभागात, जुनं, खालच्या भिंती विटा-मातीच्या आणि चांगल्या जाड. माझं काम जीएसटी रिटर्नचं. महिन्याची ११ आणि २० तारीख आली की दिवसभर पोर्टल उघडं असतं. ओटीपी टाकायच्या क्षणी नेट गेलं की परत लॉगिनपासून सुरुवात. सासूबाईंची मालिका अडकली तर त्या पाच मिनिटं थांबतात, पोर्टल थांबत नाही.

कस्टमर केअरला फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘राऊटर बंद करून चालू करा.’ नेमकं हेच लगेच करू नका. राऊटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, पत्ता वेगळा असला तर डब्याखालच्या स्टिकरवर असतो) ‘अपटाइम’ म्हणून एक ओळ असते, डबा किती वेळ सलग चालू आहे ते सांगणारी. बंद-चालू केलं की ती शून्यावर येते आणि पुरावाच पुसला जातो. नेट गेल्याबरोबर आधी ती बघायची. अपटाइम काही मिनिटांचाच दिसला, तर डबा स्वतःच बंद होऊन सुरू झालाय, म्हणजे बहुतेक वेळा दोष विजेचा किंवा अडॅप्टरचा. अपटाइम कित्येक दिवसांचा असेल, तर डबा जागा आहे आणि गडबड दुसरीकडे आहे.

ती दुसरीकडची जागा शोधायला लॅपटॉपवर दोन काळ्या (कमांड प्रॉम्प्टच्या) खिडक्या उघडून ठेवायच्या: एकीत राऊटरला सतत पिंग (म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक), दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. पहिली अडखळली तर दोष घरातल्या वाय-फायचा. पहिली सुरळीत आणि दुसरीच तुटली तर बाहेरच्या लाइनचा. आमच्याकडे वेगवेगळ्या दिवशी दोन्ही प्रकार व्हायचे, शिवाय अडॅप्टरही खराब. त्यामुळे एक दुरुस्त झालं तरी ‘नेट जातंच आहे’ हे घरातल्यांचं मत काही बदलत नव्हतं.

अडॅप्टरचं लवकर मिटलं. १२ व्होल्ट, १ अँपिअरचा होता आणि हात लावला की चटका बसायचा. त्याच व्होल्टेजचा, तशाच पिनचा, १.५ अँपिअरचा नवा घेतला. अँपिअर जास्त चालतात, व्होल्टेज मात्र बदलायचं नाही. मधे छोटा १२ व्होल्टचा यूपीएस टाकला. लाइटचा नुसता झटका आला तरी डबा पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं खायचा, ते थांबलं. शिवाय फायबरच्या वाटेतल्या स्प्लिटरला (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागतच नाही. ऑपरेटरकडे बॅकअप असेल तर सगळ्या गल्लीची लाइट गेली तरी तुमचं नेट चालू राहू शकतं. आमचं राहतं.

वाय-फायने जास्त छळलं. डबा माडीवर, जिथून वायर आत आली तिथेच खिळ्याला टांगलेला, आणि माझं टेबल खाली. वाय-फायचे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड, दोन्हींना एकच नाव, त्यामुळे लॅपटॉप पाचवर चिकटायचा आणि भिंत आडवी आली की हात सोडायचा. दोन्हींना वेगळी नावं दिली. २.४ ला शेजाऱ्यांची इतकी गर्दी, की ऑटो सोडून १, ६, ११ पैकी जो चॅनेल रिकामा दिसेल तो हाताने निवडला आणि चॅनेलची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झवर आणली. ५ गिगाहर्ट्झवर ऑटो सेटिंग कधीकधी ५२ किंवा त्यापुढचे चॅनेल धरतं. त्यातले बरेचसे रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राऊटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याला चॅनेल सोडावा लागतो, आणि तसल्याच नव्या चॅनेलवर जाण्याआधी निदान एक मिनिट ऐकत बसावं लागतं. ३६ पक्का केल्यावर पाचवरचं ते मिनिटभराचं जाणं बंद झालं. एवढं करूनही खाली सिग्नल कमीच. एक्स्टेंडर घेऊ नका. साधा एक्स्टेंडर त्याच बँडवर ऐकतो आणि त्याच बँडवर बोलतो, वेग निम्म्यावर येतो. मी जिन्यावरून कॅट-६ वायर खाली आणली आणि टेबलाजवळ दुसरा साधा राऊटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावला, म्हणजे वायरने आलेलं नेट तो तिथूनच वाय-फायने देतो. सगळ्या खर्चात हाच वसूल झाला.

राहिली बाहेरची लाइन. पाऊस लागला की लाल ‘लॉस’ दिवा लुकलुकायचा. राऊटरच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ असते, म्हणजे फायबरमधून घरात किती प्रकाश पोचतोय. उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आसपास असेल तर निर्धास्त. या डब्यांची सहनशक्ती साधारण उणे २७ पर्यंत. आमची कोरड्या दिवशी उणे २५ आणि पावसात २७ च्या पलीकडे. तीन डीबी घटले म्हणजे प्रकाश निम्मा झाला, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ऑपरेटरचा पोरगा आधी म्हणाला, ‘वहिनी, लाइन ओके हाय, तुमचा राऊटरच गंडलाय.’ मी आकडा दाखवल्यावर मुकाट्याने शिडी मागितली. खिडकीच्या गजाला वायर काटकोनात वळवून तारेने आवळलेली होती, आणि आत भिंतीवरच्या हिरव्या कनेक्टरमध्ये निळ्या टोकाची पॅचकॉर्ड (डब्यापर्यंत जाणारी फायबरची छोटी वायर) खुपसलेली. हिरव्याचं टोक आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोघं नीट बसतच नाहीत. वळण सैल केलं, कॉर्ड बदलली, आकडा उणे १९ वर आला. (उघड्या टोकात डोकावून बघू नका. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.) त्यानंतर मुसळधार पावसातही लाल दिवा नाही.

आकडा सांगून तक्रार केली तर माणूस लवकर येतो, हा माझा अनुभव. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मात्र दर वेळी मागून घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१२ च्या नियमांनुसार तक्रार केंद्राकडून समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे तो नंबर लागतो.

कुरकुर दोन गोष्टींची उरलीय. इंटरनेटवरचा पत्ता (आयपी) इतर ग्राहकांसोबत सामायिक असल्याने बाहेरगावाहून घरच्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला थेट जोडता येत नाही; स्वतंत्र आयपीचे वेगळे पैसे मागतात. आणि डब्याचं सॉफ्टवेअर अपडेट करणं सर्वस्वी त्यांच्या हातात, आपल्याला ते बटणच दिलेलं नाही. सहा महिन्यांचं रिचार्ज केलं तर एक महिना फुकट म्हणून ऑपरेटर मागे लागलाय. अजून एक पावसाळा बघेन, तोवर महिन्याचंच.