भाव एकदम खुले करावेत की दुहेरी ठेवावेत?

अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या भाचीला प्रश्न पडलाय: सरकारी अर्थव्यवस्था बाजाराकडे नेताना रशियाची वाट बरी की चीनची?

महागाई: रशियाने 2 जानेवारी 1992 ला बहुतेक किमती एका फटक्यात मोकळ्या केल्या. वर्षभरात भाव सुमारे 26 पट झाले. म्हाताऱ्या माणसांची जन्मभराची बचत मातीमोल झाली, आणि हे मला आजही अक्षम्य वाटतं. चीनने 1980 च्या दशकात दुहेरी भाव ठेवले. कारखान्याने ठरलेला कोटा सरकारी दराने द्यायचा, वरचा माल बाजारभावाने विकायचा. पुरवठ्याची साखळी तुटली नाही. तरी 1988 च्या उन्हाळ्यात भाव खुले होणार म्हटल्यावर लोक बँकांतून पैसे काढून मिळेल ते विकत घेत सुटले. सरकारला माघार घ्यावी लागली.

भ्रष्टाचार: इथे चीनची पद्धत उघडी पडली. पोलाद सरकारी दराने उचलायचं, बाजारात विकायचं, मधला फरक खिशात! 1989 च्या तिआनमेन चौकातल्या आंदोलनात हाही राग होता. रशियाही स्वच्छ नव्हताच. 1995 च्या 'कर्जाच्या बदल्यात शेअर' योजनेत (सरकारने बँकांकडून कर्ज घेऊन सरकारी कंपन्यांचे शेअर तारण ठेवले) तेल कंपन्या मूठभरांच्या हाती गेल्या.

वेग: रशियातल्या दुकानांत माल लवकर दिसू लागला, परवडण्याचा प्रश्न वेगळा.

प्रशासन शाबूत असेल, कोटा वसूल होत असेल, तर दुहेरी भाव. मात्र ते लवकर गुंडाळायची तयारी हवी. केंद्राचा हुकूमच कोणी मानत नसेल, तर एकदम खुले करण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही, पण आधी पेन्शन आणि ठेवींना संरक्षण द्यावं.